पुस्तक 'टाकलं' पण 'गेलं नाही': लॅपटॉपवरून किंडल-कोबोवर फाइल पाठवताना नेमकं कुठे अडतं

मावशीचा फोन साधारण रविवारी सकाळी येतो. "अरे, ते पुस्तक टाकलं मी, पण गेलंच नाही."

"गेलं नाही म्हणजे काय दिसतंय?"

"काही दिसत नाहीये, तेच तर सांगतेय ना!"

या 'गेलं नाही'च्या पोटात निदान तीन वेगवेगळी दुखणी असतात. एक म्हणजे लॅपटॉपला रीडरच (किंडल, कोबो असं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र) दिसत नाही. दुसरं, रीडर दिसतो, फाइलही कॉपी होते, पण रीडर उघडल्यावर पुस्तकाचा पत्ता नसतो. आणि तिसरं, पुस्तक दिसतं, पण उघडत नाही, किंवा उघडलं तर मराठीच्या जागी नुसते चौकोन. केबल बदलून तिसरं दुखणं बरं होत नाही आणि फॉरमॅट बदलून पहिलं. तरीही बहुतेक जण आधी काय करतात, तर रीडर रीसेट करतात. त्यात दुखणं तसंच राहतं आणि आधी टाकलेली पुस्तकं मात्र जातात. म्हणून रीसेट इथे अगदी शेवटी येईल. तोवर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा करून बघायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झालं, तर कशाने झालं ते कळत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा फोन.

आधी फाइलची झडती

केबल शोधायच्या आधी फाइल लॅपटॉपवर उघडून बघा. तिथे उघडत नसेल तर रीडरवर उघडणार कुठून?

विंडोजवर ईपब (ई-पुस्तकांच्या फाइलींचा एक नेहमीचा फॉरमॅट) उघडायला स्वतःची सोय नसते, त्यामुळे इथेच कॅलिबर हा फुकट प्रोग्रॅम टाकून घ्या, पुढे पदोपदी लागणार आहे. (कॅलिबरचा जन्मच या लेखाच्या विषयातून झालाय. २००६ मध्ये सोनीचा पीआरएस-५०० हा रीडर आला, पण तो लिनक्सवर चालेना. तेव्हा कोविद गोयल यांनी त्यासाठी स्वतःच एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. २००८ मध्ये त्याचं नाव कॅलिबर झालं.) घरातला लॅपटॉप जुना असेल तर एक लक्षात ठेवा: कॅलिबरच्या ६व्या आवृत्तीपासून विंडोज १० किंवा त्यापुढचंच लागतं. विंडोज ७ वर नवीन आवृत्ती चढत नाही म्हणून लोक दुपार घालवतात.

मग फाइलचं आडनाव बघा, म्हणजे नावातल्या टिंबानंतरची अक्षरं. विंडोज ती लपवून ठेवतं. फोल्डरच्या वरच्या 'व्ह्यू' मेन्यूत 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू केलं की खरं रूप दिसतं. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेल्या पुस्तकांत हमखास सापडणारे प्रकार असे: पीडीएफचंच नाव बदलून शेवटी 'ईपब' लावलेली फाइल, न सोडवलेली झिप, आणि डाउनलोड फसल्यामुळे पुस्तकाऐवजी सेव्ह झालेलं वेबपेज. शेवटचा प्रकार आकारावरून ओळखू येतो. तीनशे पानी स्कॅन केलेलं पुस्तक १२ केबीचं असूच शकत नाही.

आणि फाइल दुकानातून विकत घेतलेली असेल, तर तिला बहुधा कुलूप असतं, म्हणजे ती दुसरीकडे उघडू नये अशी तजवीज. किंडलवर घेतलेलं पुस्तक लॅपटॉपवर उतरवून केबलने टाकायची सोय ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. अशी पुस्तकं आता वायफायवरूनच येतात. त्यासाठी केबलशी झटापट करण्यात अर्थ नाही. पुढचं सगळं कुलूप नसलेल्या फाइलींबद्दल आहे: तुमची स्वतःची कागदपत्रं, विकिस्रोतावरून घेतलेली जुनी पुस्तकं, ई साहित्य प्रतिष्ठानची पीडीएफ, बालभारतीची पाठ्यपुस्तकं वगैरे.

लॅपटॉपला रीडर दिसत नाही

इथे पहिला संशय केबलवर घ्यायचा, आणि दुसराही केबलवरच.

साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. स्वस्तातल्या बऱ्याच केबलींत माहितीच्या तारा नसतातच, कारण त्या फक्त चार्जिंगसाठी केलेल्या असतात. बाहेरून काही फरक कळत नाही. रीडर जोडला की बॅटरीवर विजेचं चिन्ह येतं, माणूस खूश होतो, आणि लॅपटॉप मात्र ढिम्म. मी स्वतः अशा एका केबलपायी अख्खी संध्याकाळ ड्रायव्हर काढून घालण्यात घालवली आहे. रेल्वेच्या पुलाखाली घेतली होती, रंग छान होता.

ओळखायची सोपी युक्ती: त्याच केबलने अँड्रॉइड फोन लॅपटॉपला जोडा. फोनवर 'फाइल ट्रान्सफर'चा पर्याय आला आणि फोटो लॅपटॉपवर दिसले, तर केबल चांगली. नुसतंच चार्जिंग झालं, तर ती केबल चार्जरला लावून ठेवा आणि तिच्यावर चिकटपट्टीने 'फक्त चार्जिंग' असं लिहून टाका. जुन्या किंडलांची पिन मायक्रो-यूएसबी असते, म्हणजे हल्लीच्या फोनची केबल तिथे बसत नाही. २०२१ च्या पेपरव्हाइटपासून किंडलला टाइप-सी आली. मायक्रो-यूएसबीवाल्यांनी पिनच्या खाचेत टॉर्च मारून बघावं. पर्समधला, दप्तरातला कापूस तिथे दाबून बसलेला असतो. रीडर बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा, टाचणीने नको.

केबल चांगली निघाली तर पुढे हे बघा:

१. रीडरला पासकोड लावलाय का? लावला असेल तर आधी तो उघडा आणि मग केबल जोडा. कुलूपबंद किंडल लॅपटॉपला आतलं काही दाखवत नाही.

२. बॅटरी अगदी तळाला गेली असेल तर अर्धा तास चार्ज होऊ द्या.

३. मधला यूएसबी हब काढा. कीबोर्ड, माउस, हार्डडिस्क अशा सगळ्यांच्या पंगतीत रीडरला पुरेशी वीज मिळत नाही. थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या.

४. कोबो असेल तर त्याच्या स्क्रीनकडे बघा. केबल लावल्यावर 'कनेक्ट' असं बटण येतं, ते दाबल्याशिवाय तो फक्त चार्ज होतो. निम्म्या कोबोवाल्यांची तक्रार इथेच मिटते.

५. किंडलचं पॉवर बटण ४० सेकंद दाबून धरा. दहा सेकंदांनी सोडलंत तर काही होत नाही. याने किंडल फक्त बंद होऊन पुन्हा सुरू होतं, पुस्तकं जात नाहीत. लॅपटॉपही एकदा रीस्टार्ट करा.

एवढं करूनही दिसत नसेल, तर तुमचा रीडर कोणत्या काळातला आहे हे महत्त्वाचं ठरतं. ही गोष्ट जरा नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण जुनं किंडल देऊन नवीन घेतलेल्यांचा गोंधळ इथेच होतो.

जुनं किंडल जोडलं की ते पेनड्राइव्हसारखं वागायचं. आपलं अख्खं कपाट लॅपटॉपच्या हवाली करायचं आणि स्वतः गप्प बसायचं. म्हणून तर तेव्हा स्क्रीनवर 'यूएसबी ड्राइव्ह मोड' यायचं आणि वाचता यायचं नाही. लॅपटॉपवर त्याला ई किंवा एफ असं ड्राइव्हचं अक्षर मिळायचं. २०२४ मध्ये आलेल्या मॉडेलांपासून ही पद्धत बदलली. आता किंडल एमटीपी नावाच्या पद्धतीने बोलतं, अँड्रॉइड फोन बोलतो तसंच. जुन्या सार्वजनिक वाचनालयात कपाटापर्यंत जाऊ देत नसत, खिडकीवर चिठ्ठी द्यायची आणि आतून पुस्तक यायचं. एमटीपी म्हणजे ती खिडकी. लॅपटॉप मागतो, किंडल देतं. ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही, 'धिस पीसी'मध्ये किंडलच्या नावाचं वेगळं चित्र दिसतं आणि त्याच्या आत 'इंटर्नल स्टोरेज'. जे ड्राइव्हचं अक्षर शोधत बसतात त्यांना ते सापडणार नाहीच.

मॅकला तर ही खिडकी मुळातच माहीत नाही. नवीन किंडल मॅकला जोडलं की फाइंडरमध्ये काहीही येत नाही, आणि यात बिघाड कसलाच नाही. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागतो: ॲमेझॉनचा यूएसबी फाइल मॅनेजर, फुकट मिळणारा ओपनएमटीपी, किंवा आपलं कॅलिबर. पण यातला एका वेळी एकच उघडा. खिडकीवर एकच माणूस उभा राहू शकतो. मागे ओपनएमटीपी चालू असेल तर कॅलिबरला किंडल दिसत नाही, आणि उलटही. पूर्वी कधी अँड्रॉइड फोनसाठी एखादा प्रोग्रॅम टाकला असेल तर तो केबल लावताक्षणी आपोआप उठून खिडकी अडवतो. तोही बंद करा. लिनक्सवर हेच काम फाइल मॅनेजर करतो. त्याने किंडल आपणहून उघडलं असेल तर तिथून ते अनमाउंट करा आणि मग कॅलिबर सुरू करा.

विंडोजवाल्यांसाठी आणखी एक कोपरा. परदेशातून, विशेषतः युरोपातून आलेल्या लॅपटॉपवर कधी कधी विंडोजची 'एन' आवृत्ती असते. 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टिम', मग 'अबाउट' इथे नाव वाचा. या आवृत्तीत मीडियाचे भाग काढून टाकलेले असतात आणि त्यांच्यासोबत एमटीपीही गेलेलं असतं. 'ऑप्शनल फीचर्स'मधून 'मीडिया फीचर पॅक' टाकून रीस्टार्ट केलं की काम होतं. जर्मनीहून आलेला भाचा आणि त्याचा लॅपटॉप घरात असेल तर हे आठवा.

साध्या विंडोजवर जुनं, पेनड्राइव्हसारखं किंडल 'टुंग' असा आवाज करतं पण दिसत नाही, असं झालं तर 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. तिथे ते दिसत असेल, पण अक्षर नसेल, तर राइट-क्लिक करून मोकळं अक्षर द्या. ऑफिसच्या लॅपटॉपवर नेटवर्क ड्राइव्हांनी अक्षरं अडवलेली असतात म्हणून असं होतं. मात्र त्याच मेन्यूत 'फॉरमॅट'ही असतं. त्याला हात लावू नका. आणि ऑफिसच्याच लॅपटॉपवर कंपनीने यूएसबी बंद केलेलं असेल, तर त्यावर माझ्याकडे उपाय नाही. घरचा लॅपटॉप वापरा.

फाइल गेली, पण पुस्तक उगवलं नाही

मावशीचं दुखणं बहुतेक वेळा हे असतं.

किंडलवर पुस्तकं 'डॉक्युमेंट्स' नावाच्या फोल्डरमध्येच जावी लागतात. त्याच्या बाहेर टाकलेली फाइल जागा खाते पण लायब्ररीत दिसत नाही. फोल्डरच्या आत आपला वेगळा फोल्डर केला तरी चालतं.

मग फॉरमॅट. केबलने टाकलेलं ईपब किंडलला वाचता येत नाही. हे वाक्य मी वर्षातून दहा वेळा तरी बोलतो, आणि दर वेळी समोरून येतं, "पण किंडल आता ईपब घेतं असं वाचलं होतं." घेतं, पण ॲमेझॉनच्या 'सेंड टु किंडल'मार्गे. तिथे ॲमेझॉनचा सर्व्हर ईपबचं रूपांतर करून मग किंडलवर पाठवतो. केबलमध्ये असा मध्यस्थ नसतो. त्यामुळे फाइल शांतपणे कॉपी होते, कसलीही तक्रार येत नाही, आणि पुस्तक दिसत नाही. केबलने टाकायचं असेल तर आधी कॅलिबरमध्ये 'कन्व्हर्ट बुक्स' करून एझेडडब्ल्यू३ करा. मोबी हा जुना फॉरमॅटही चालतो, पण मराठीसाठी तो टाळा. त्यात पुस्तकासोबत फॉन्ट नेता येत नाही. पीडीएफ आणि साधी टेक्स्ट फाइल थेट चालते. कोबोचं उलट आहे: त्याला ईपब आवडतं आणि किंडलचा एझेडडब्ल्यू३ कळत नाही.

फॉरमॅट बरोबर असूनही दिसत नसेल तर किंडलच्या लायब्ररीतला फिल्टर बघा. 'बुक्स' आणि 'डॉक्स' असे वेगळे पर्याय असतात आणि आपण टाकलेली पुस्तकं पुष्कळदा 'डॉक्स'मध्ये जाऊन बसतात. सगळे फिल्टर काढून टाका आणि 'रीसेंट'प्रमाणे लावा. नावाप्रमाणे शोधत असाल तर एक गंमत लक्षात घ्या. कॅलिबर आपल्या लायब्ररीतल्या फोल्डरांची नावं रोमन लिपीत करतं, आणि ते करताना मराठीचे नियम त्याला ठाऊक नसतात. शब्दातला प्रत्येक 'अ' गिळून ते 'मराठी'चं 'म्राट्ठी' करून ठेवतं. लॅपटॉपवर फाइल शोधताना मावशी 'मराठी कथा' शोधते आणि फोल्डर असतो 'म्राट्ठी क्था'. फाइल हरवली असं समजून ती पुन्हा डाउनलोड होते. म्हणून कॅलिबरची पुस्तकं कॅलिबरच्याच खिडकीतून शोधावीत, फोल्डरांत उतरू नये.

आता एक किचकट प्रकार. नवीन किंडल हातात आलं की हौसेने एकदम चारशे पुस्तकं टाकली जातात. किंडल मग प्रत्येक पुस्तकाची शब्दसूची बनवायला घेतं. तेवढा वेळ ते गरम होतं, अडखळतं, बॅटरी दोन दिवसांत उतरते आणि काही पुस्तकं दिसत नाहीत. काम चालू आहे का हे बघायची युक्ती: शोधाच्या चौकटीत काहीतरी निरर्थक अक्षरं टाका, कोणत्याही पुस्तकात नसतील अशी. किती पुस्तकांची सूची अजून व्हायची आहे ते खाली येतं. आकडा हळूहळू कमी होत असेल तर चार्जरला लावून रात्रभर ठेवा. आकडा तासन्‌तास एकाच जागी अडला असेल, तर एखादी बिघडलेली फाइल घशात अडकली आहे. शेवटी टाकलेल्या पुस्तकांपासून सुरुवात करून अर्धी काढा, रीस्टार्ट करा, आकडा बघा. सुटला तर गुन्हेगार काढलेल्या अर्ध्यांत आहे. त्यांचे पुन्हा दोन भाग करा. चारशे पुस्तकांतून नऊ फेऱ्यांत एक फाइल हाती लागते, एकेक करून बघण्यापेक्षा कितीतरी बरं.

जागाही बघा. डब्यावर ८ जीबी लिहिलेल्या किंडलवर आपल्याला साधारण ६ जीबीच मिळते. नुसत्या मजकुराच्या पुस्तकांना ती जन्मभर पुरेल, पण स्कॅन केलेल्या दिवाळी अंकांच्या पीडीएफ तीस-चाळीसांत ती भरवू शकतात.

कोबोवर केबल असेपर्यंत नवीन पुस्तक दिसतच नाही. आधी 'इजेक्ट' करायचं, मग तो स्वतः नवीन फाइली आत घेतो. इजेक्ट न करता केबल ओढली तर अर्धवट लिहिलेली फाइल राहते, आणि कधी कधी फाइल सिस्टिमच बिघडते. मग पुढच्या वेळी काहीही कॉपी करताना 'राइट प्रोटेक्टेड' किंवा 'रीड ओन्ली' असं येतं. विंडोजवर अशा ड्राइव्हवर राइट-क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'टूल्स', 'चेक' असं करून दुरुस्ती करता येते. मॅकवाल्यांना कोबोवर एकेका पुस्तकाच्या दोन-दोन प्रती दिसतात, त्यातली एक उघडत नाही. मॅक प्रत्येक फाइलसोबत टिंब आणि खालची रेघ यांनी सुरू होणारी एक लपलेली फाइल ठेवतो, कोबो तिलाही पुस्तक समजतो. फाइंडरने ओढून टाकण्याऐवजी कॅलिबरमधून 'सेंड टु डिव्हाइस' केलं की ही भुतं येत नाहीत.

पुस्तक दिसतं, पण वाचता येत नाही

इंग्रजी पुस्तकांवर लिहिलेल्या मदतीत हा भाग दोन ओळींत संपतो. मराठी वाचकाचं खरं घोडं इथेच पेंड खातं.

अक्षरांचा कचरा तीन प्रकारचा असतो, आणि कचऱ्याकडे नीट बघितलं तर कारण कळतं.

पहिला: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', त्याच्या शेजारी चार पाय फुटलेलं गोल चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह, आणि हेच पुन्हा पुन्हा, पानभर. याचा अर्थ मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला जातोय. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या हल्लीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं असतं आणि पहिला बाइट सगळ्यांचा एकच. रीडरने ते तीन बाइट सुटे वाचले की दर तिसऱ्या जागी तोच 'ए' येतो. उपाय: कॅलिबरमध्ये रूपांतर करताना 'लुक अँड फील'मध्ये 'इनपुट कॅरेक्टर एन्कोडिंग' या चौकटीत यूटीएफ-८ लिहा. टेक्स्ट फाइल असेल तर नोटपॅडमध्ये उघडून 'सेव्ह ॲज' करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. चुकून 'एएनएसआय' निवडलं तर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात, आणि ती फाइल बंद केली की मजकूर गेला. म्हणून आधी प्रत काढून ठेवा.

दुसरा: चौकोन, किंवा वेलांट्या आणि जोडाक्षरं सुटी पडलेली. इथे फॉन्टची अडचण आहे. मोबी असेल तर एझेडडब्ल्यू३ करा. तरी राहिलं तर कॅलिबरच्या रूपांतरात 'फॉन्ट्स'खाली 'एम्बेड फॉन्ट फॅमिली'मध्ये लॅपटॉपवर टाकलेला एखादा युनिकोड फॉन्ट निवडा. 'मुक्त' नावाचा फॉन्ट चांगला आहे, पण पुस्तकासाठी माझी पसंती टिरो देवनागरी मराठीला. त्यात 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात. हिंदी वळणाचा 'ल' तीनशे पानं वाचला की डोळ्यांना खडा लागल्यासारखं होतं, निदान मला तरी. पुस्तकाच्या माहितीत, म्हणजे 'एडिट मेटाडेटा'मध्ये, भाषा 'मराठी' अशी भरायला विसरू नका. पुष्कळ फाइलींत ती इंग्रजी तरी असते नाहीतर रिकामी.

तिसरा आणि सगळ्यांत छळणारा: लॅपटॉपवर पीडीएफ सुंदर मराठीत दिसते, पण कॅलिबरमधून रूपांतर केलं की रोमन अक्षरं, कंस आणि स्वल्पविरामांची भेळ होते. हा जुन्या डीटीपीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावण्याच्या कामाचा, वारसा. श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टांत खरं तर रोमन अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. मुखवटा काढला की आतलं रोमन उघडं पडतं. रूपांतर करण्याआधी परीक्षा घ्या: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी आली तर पुढे जा. भेळ आली तर रूपांतराच्या नादी लागू नका, ती पीडीएफ तशीच पीडीएफ म्हणून टाका. ओळ निवडताच आली नाही तर पान म्हणजे नुसता फोटो आहे, त्याचंही रूपांतर होणार नाही.

पण ए४ आकाराचं पान सहा इंची पडद्यावर मुंगीच्या अक्षरात येतं. किंडल आडवं धरा, अर्धं अर्धं पान वाचता येतं. त्याने भागलं नाही तर के२पीडीएफऑप्ट नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो पानाच्या कडा छाटतो, ओळी कापून छोट्या पडद्याच्या मापाने पुन्हा रचतो, आणि फोटोवरही काम करत असल्यामुळे फॉन्ट कोणता याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. बालभारतीच्या पुस्तकांवर मात्र तो फारसा चालत नाही, चित्रं आणि चौकटी जिकडे तिकडे होतात. ती टॅबवरच वाचावीत.

केबल नकोच असेल तर

'सेंड टु किंडल' हा मावशीसाठी खरं तर सोपा मार्ग. किंडलच्या सेटिंग्जमध्ये खात्याच्या माहितीत किंडलचा स्वतःचा ईमेल पत्ता असतो, त्यावर ईपब किंवा पीडीएफ जोडून पाठवायची. मोबी आता तिथे चालत नाही. पाठवली आणि आली नाही, तर कारणं मोजकीच आहेत.

ज्या ईमेलवरून पाठवताय तो ॲमेझॉनच्या खात्यात 'पर्सनल डॉक्युमेंट सेटिंग्ज'मध्ये मंजूर यादीत असावा लागतो. कधी कधी ॲमेझॉनकडून 'तुम्हीच पाठवलंत ना?' असं विचारणारी मेल येते, तिच्यातल्या बटणावर ४८ तासांत क्लिक करावं लागतं. ती 'प्रमोशन्स' नाहीतर स्पॅममध्ये पडून राहते. ईमेलची मर्यादा ५० एमबी, वेबसाइटवरून टाकलं तर २०० एमबी. पण जीमेलची स्वतःची मर्यादा २५ एमबी आहे. त्याहून मोठी फाइल जोडली की जीमेल तिची गुपचूप ड्राइव्हची लिंक करतं, आणि किंडलला लिंक उघडता येत नाही. ३० एमबीचं पुस्तक म्हणूनच वेबसाइटवरून टाकायचं.

आपल्याकडचं एक खास कारण: मुलाने अमेरिकेहून आणलेलं किंडल मुलाच्याच खात्यावर नोंदलेलं असतं. आई-बाबा इथे स्वतःच्या खात्याची मंजूर यादी दुरुस्त करत बसतात आणि किंडल न्यू जर्सीतल्या खात्याचं ऐकत असतं. सेटिंग्जमध्ये कुणाचं नाव आहे ते आधी वाचा. मुलालाच त्याच्या खात्यात तुमचा ईमेल मंजूर करायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

ईपब परत आलं आणि सोबत 'ई९९९' असा काहीतरी आकडा आला, तर फाइलच्या आतली रचना ॲमेझॉनला पटलेली नाही. कॅलिबरमध्ये ती ईपबमधून पुन्हा ईपबमध्येच रूपांतरित करा. विचित्र वाटतं, पण या फेरीत कॅलिबर आतला पसारा आवरतं आणि बहुतेक फाइली दुसऱ्या खेपेला जातात.

आणि आता रीसेट

वरचं सगळं करून झालं, दुसऱ्या लॅपटॉपवर दुसऱ्या केबलनेही बघून झालं, आणि तरीही रीडर रडतोच आहे, तर मग रीसेट. आधी 'डॉक्युमेंट्स' फोल्डर अख्खा लॅपटॉपवर कॉपी करा. लॅपटॉपला रीडर दिसतच नसेल तर हे जमणार नाही, आणि केबलने टाकलेली पुस्तकं कॅलिबरमध्ये नसतील तर ती गेली असं समजा. विकत घेतलेली आणि 'सेंड टु किंडल'ने पाठवलेली पुस्तकं खात्यात असतात, ती पुन्हा उतरवता येतात. वायफायचा पासवर्ड आणि ॲमेझॉनचा पासवर्ड हाताशी ठेवा, कारण रीसेटनंतर किंडल पहिला प्रश्न तोच विचारतं, आणि पासवर्ड बहुधा मुलाकडे असतो, तिकडे रात्रीचे अडीच वाजलेले असतात.

रीसेट झाल्यावर आधी एकच छोटी टेक्स्ट फाइल टाकून बघा, दोन ओळींची. ती दिसली, उघडली, मराठी नीट आली, मगच बाकीची पुस्तकं पंधरा-वीसच्या घासाने टाका, आणि प्रत्येक घासानंतर निरर्थक अक्षरांचा शोध घेऊन सूची पूर्ण झाली का ते बघा.

मावशीच्या बाबतीत, खरं सांगायचं तर, इथपर्यंत कधी यावं लागलेलं नाही. गेल्या वेळी फिल्टर 'बुक्स'वर होता.